एकशे एक्याऐंशी अंशांचा त्रिकोण

कंपासपेटी नावाच्या पत्र्याच्या डबीत जी मंडळी एकत्र नांदतात, त्यांच्यात सगळ्यात गरीब स्वभावाचा कोण असेल तर तो कोनमापक. पट्टीचा निदान मार देणारी म्हणून तरी वर्गात वचक असतो. कंपासला टोक असतं, आणि ज्याला टोक असतं त्याला या जगात मान असतोच. कर्कटक मुळात कशासाठी दिलेलं असतं हे फारसं कोणाला सांगता येत नाही, पण बाकावर नाव कोरायला आणि डब्याचं अडकलेलं झाकण उचकटायला त्याच्याइतकं गुणी हत्यार दुसरं नाही. दोन गुण्ये असतात, ते लग्नात आलेल्या लेमनसेटसारखे वर्षानुवर्षं आपल्या पिशवीतून बाहेर न येता नवे ते नवेच राहतात. राहता राहिला कोनमापक. अर्धगोल पोटाचा आणि पारदर्शक मनाचा. पोटात काही ठेवत नाही, मागचं सगळं दिसतं. विचाराल तेवढंच सांगतो. बासष्ट अंश असतील तर बासष्टच सांगणार. एकसष्ट सांग म्हणून तुम्ही कितीही गळ घाला, तो बधणार नाही.

आणि नेमकं त्यालाच साक्षीला उभं करून आपण आपल्या पोरांना आयुष्यातलं पहिलं लेखी खोटं लिहायला शिकवतो, असा माझा आरोप आहे. आरोप जाहीर आहे आणि पुराव्यानिशी करतो आहे. भूमितीचं नाव काढल्याबरोबर पान उलटायला निघालेल्या वाचकांनी कृपा करून जरा टेकावं. प्रमेय एकच येणार आहे, आणि तेही पाठ करायचं नाही.

माझी धाकटी भाची सातवीत आहे. तिची भूमितीची वही मी एकदा सहज चाळत होतो. (लोकांच्या घरी गेल्यावर मी दिसेल ती वही चाळतो. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की त्यामुळेच लोक हल्ली आम्हाला जेवायला बोलावत नाहीत.) वही मोठी देखणी होती. समास लाल शाईचा, आकृत्या टोकदार पेन्सिलीच्या, आणि पानावर ओळीने दहा त्रिकोण. वर मथळा : 'त्रिकोणाचे तीनही कोन मोजा व बेरीज करून पडताळा पाहा.' खाली दहाही त्रिकोणांची बेरीज १८०. शेजारी दहा बरोबरच्या खुणा.

"अगं, दहाच्या दहा १८०?" मी विचारलं.

"मग किती येणार मामा? त्रिकोणाची १८०च असते."

"असते, कबूल. पण तू मोजलेस ना कोन?"

"हो. दोन मोजले."

"आणि तिसरा?"

"तिसरा मोजायचा नसतो. १८०मधून वजा करायचा असतो."

"पण इथे तर लिहिलंय, तीनही कोन मोजा."

"ते लिहायला असतं मामा," भाची म्हणाली. मला भूमिती कळत नाही याची तिला मनापासून कीव आली असावी.

मी जरा चिवटपणा केला. म्हटलं, "समजा, तिसराही खराच मोजला आणि बेरीज १८१ आली तर?"

"तर बाई म्हणतात, पुन्हा मोज."

"पुन्हा मोजूनही १८१च आली तर?"

"तर म्हणतात, नीट मोज. मग मी नीट मोजते."

"म्हणजे काय करतेस?"

"म्हणजे वजा करते."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "अरे, तिला कशाला भलत्या नादाला लावतोस? पैकीच्या पैकी मिळतात तिला गणितात!"

मला राग आला तो भाचीचा नव्हे. पोर हुशार आहे. बाराव्या वर्षी तिला जे समजलं आहे ते समजायला कित्येकांना सरकारी नोकरीत पंधरा वर्षं काढावी लागतात. वरच्यांना कोणता आकडा हवा आहे ते आधी बघायचं, त्यातून आपल्याकडे असेल तेवढा वजा करायचा, आणि उरेल त्याला 'मोजलं' असं नाव द्यायचं. या विद्येवर माणसं निवृत्त होईपर्यंत सुखाने बढत्या घेतात. पण ही विद्या शाळेने शिकवावी, तीही बरोबरच्या खुणा करून, याला माझी हरकत आहे.

आता पुरावा. कोनमापक हातात घेऊन बघा. त्याची त्रिज्या साधारण पाच सेंटिमीटर धरू. एवढ्या कमानीवर एक अंश म्हणजे किती जागा? ०.८७ मिलिमीटर. पुरता एक मिलिमीटरसुद्धा नाही! आणि सातवीतल्या पोरीच्या पेन्सिलीची रेघ, टोक नुकतंच काढलेलं असलं तरी, चांगली अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे रेघेच्या अंगातच अर्धा अंश जिरला. त्यात कोनमापकाची खालची कड म्हणजे पायाची रेघ नव्हे. ती कडेपासून थोडी वर असते. हे ध्यानात न घेता निम्मा वर्ग कडच रेघेला लावून मोकळा होतो. शिवाय कमानीवर आकडे दोन ओळींत, एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे, रस्त्याच्या दुतर्फा वाहतुकीसारखे. साठ वाचायचे की एकशे वीस, हे वाहतुकीचे नियम ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. एवढ्या सगळ्यातून वाट काढून जी मुलगी तीन कोन मोजते आणि बेरीज १७९ किंवा १८१ आणते, तिला खरं म्हणजे वर्गाने उभं राहून टाळ्या वाजवायला हव्यात. तिला आपण म्हणतो, "नीट मोज!"

पण समजा, नुसतं समजा हं, की सगळ्याच मुली नीट मोजतात. पेन्सिल केसासारखी, डोळा घारीसारखा, हात वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखा स्थिर. तरीसुद्धा दर वेळी १८० येणार नाही! हे मी सांगितल्यावर आमच्या ओळखीतल्या दोन इंजिनियरांनी मान हलवली, ती नकारार्थी. म्हणून उदाहरण पैशांचं देतो. पैशांचं उदाहरण आपल्याकडे लवकर पटतं.

तीन भावांनी मिळून १८० रुपये वाटून घ्यायचे आहेत. एकाच्या वाट्याला पन्नास रुपये चाळीस पैसे, दुसऱ्याच्या साठ रुपये चाळीस पैसे, तिसऱ्याच्या एकोणसत्तर रुपये वीस पैसे. बेरीज करून बघा, बरोबर १८०. आता घरात चिल्लर नाही म्हणून ठरलं, की पन्नास पैशांच्या आतलं सोडायचं आणि वरचं असेल तर पुरा रुपया द्यायचा. पहिल्याला पन्नास, दुसऱ्याला साठ, तिसऱ्याला एकोणसत्तर. एकूण १७९. रुपया गेला कुठे? कोणी खाल्ला नाही, कोणी खोटं बोललं नाही. तो मोजण्याच्या रीतीतच गेला. वाटण्या वेगळ्या असत्या तर त्याच रीतीत तो आगाऊही आला असता आणि बेरीज १८१ झाली असती.

कोनमापकाचं अगदी हेच आहे. कोन असतो ५०.४ अंशांचा, लिहायचा असतो पुरा आकडा, म्हणून आपण ५० लिहितो. पहिल्या दोन कोनांत अशी जी खोट येते ती दोन्ही मिळून अर्ध्या अंशाच्या आत राहिली, तर तिसरा कोन घरातल्या थोरल्यासारखा सांभाळून घेतो. बाहेर गेली तर त्याचाही इलाज चालत नाही. आणि हिशेब मांडला तर ती चारांतून एकदा बाहेर जाते. म्हणजे कसेही, मनाला येतील ते त्रिकोण काढले, ते अगदी बिनचूक मोजले आणि जवळचा पुरा अंश लिहिला, तरी दर चार त्रिकोणांमागे एकाची बेरीज १७९ किंवा १८१ यायलाच पाहिजे.

माझ्या भाचीच्या वर्गात साठ मुली आहेत. प्रत्येकीने एकेक त्रिकोण काढला, तर साठांतल्या पंधराएक वह्यांत १८० येऊ नये. ही झाली निष्णात हातांची गोष्ट. अडखळत्या हातांच्या आणखी. प्रत्यक्षात भाचीच्या सांगण्याप्रमाणे साठच्या साठ वह्यांत १८०. मग त्या पंधरा जणींनी मोजलेलं गेलं कुठे? ते खोडरबराच्या चुऱ्याबरोबर बाकाखाली गेलं. आणि त्याबरोबर आणखीही काही गेलं, जे खोडरबराच्या चुऱ्याएवढं हलकं नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या गणिताच्या मास्तरांचा मोर्चा माझ्या दारावर यायचा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते, याबद्दल माझी काडीइतकी तक्रार नाही. युक्लिडने ते सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी पक्कं करून ठेवलं आहे. आणि गंमत बघा, त्याने कोनमापक हातातसुद्धा घेतला नाही. अंशांचं नावही तो काढत नाही, 'दोन काटकोन' एवढंच म्हणतो. पायाला समांतर रेघ काढली, कोनाला कोन जुळवला, झालं. ज्या त्रिकोणाबद्दल तो बोलतो त्याच्या रेघांना जाडी नाही, त्याचा कागद फुगत नाही, त्याची पेन्सिल बोथट होत नाही. त्या त्रिकोणाचा तिसरा कोन खुशाल वजाबाकीने काढा. वजाबाकी म्हणजे काही पाप नव्हे. जिथे कोनमापक पोचत नाही तिथे पोचण्याची ती शिडी आहे.

पण वहीतला त्रिकोण वेगळा. तो भाचीने काढलेला, शाईचा डाग पडलेला, मर्त्य त्रिकोण आहे. त्याचे कोन काढायचे नसतात, मोजायचे असतात. 'काढणं' आणि 'मोजणं' ही दोन वेगळी क्रियापदं आपल्या भाषेने मुद्दाम ठेवली आहेत. शाळेने त्यांचं परस्पर लग्न लावलं आणि काढलेल्या कोनाला मोजलेल्याचं कुंकू लावून मोकळी झाली.

हा फरक ज्यांना पुस्तकाशिवाय कळतो अशी माणसं आपल्या आजूबाजूलाच असतात. आमच्या न्हाणीघरात पाणी साचत असे. बांधणाऱ्याच्या बिलात 'फरशीला योग्य ढाळ दिला' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, पण पाण्याने ते बिल वाचलेलं नव्हतं. शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. थैलीत ओळंबा, थापी, लोखंडी गुण्या आणि सुताचा गुंडा. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला त्यांनी एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर केली आणि दोन खुणांमध्ये सूत ताणलं. पाच फूट भरलं पाहिजे. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीचे काटकोन दोरीनेच आखत. शुल्ब म्हणजेच दोरी. तेव्हा ही मिस्त्रींची विद्या चांगली जुनी आहे. सूत पाच फुटांच्या वर बोटभर गेलं.

"काका, भिंत बाहेर गेलीय," मिस्त्री म्हणाले.

मी म्हटलं, "बोटभरच ना? पाच फूट लिहून टाकलं तर?"

मिस्त्रींनी विडी बाजूला काढली आणि माझ्याकडे बघितलं. "लिवा की! पन आकड्यावर फरशी बसत न्हाई काका."

त्या मिस्त्रींना त्रिकोणाचा सिद्धांत विचारला असता तर सांगता आला नसता. पण आकडा जमला नाही तर सूत हलवायचं, आकडा हलवायचा नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता माझ्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतात त्यांच्याकडे वळतो.

पहिला आक्षेप ताईच्या यजमानांचा : "एका अंशाने काय आभाळ कोसळतं?" भावोजींची गावाकडे जमीन आहे, म्हणून त्यांना जमिनीच्याच भाषेत उत्तर दिलं. म्हटलं, "तुमचा शंभर मीटर लांबीचा बांध आहे. एक टोक जाग्यावर ठेवून तो शेजाऱ्याने फक्त एक अंश तुमच्याकडे वळवला, तर दुसरं टोक पावणेदोन मीटर सरकतं. मधली जमीन जाते सुमारे सत्त्याऐंशी चौरस मीटर. गुंठा असतो साधारण एकशे एक चौरस मीटरचा. म्हणजे पाऊण गुंठ्याहून जास्त गेली." भावोजींनी ताबडतोब गावाकडे फोन लावला. एका अंशाला तुच्छ मानणारा माणूस बांधावर उभा राहिला की कसा विकलांपर्यंत बारीक होतो, ते मी त्या दिवशी बघितलं.

दुसरा आक्षेप शिकवणाऱ्यांचा, आणि तो विचार करण्यासारखा आहे : "बेरीज १८१ आलेली चालवून घेतली, तर मुलांचा सिद्धांतावरचा विश्वास उडेल." याला उत्तर द्यायला मला जरा हिंगणघाटला जावं लागेल.

वर्धा जिल्ह्यातल्या या हिंगणघाटला १८२३ साली विल्यम लॅम्बटन नावाचा एक इंग्रज वारला. हा माणूस १८०२पासून हिंदुस्थान मोजत होता. मद्रासजवळ एक पायाची रेघ मोजली आणि तिथून त्रिकोणाला त्रिकोण जोडत निघाला. लांबी एकदाच मोजायची, पुढे कोन मोजायचे आणि बाकीच्या लांब्या गणिताने काढायच्या, अशी ती रीत. त्याचा कोनमापक आपल्या कंपासपेटीत मावणारा नव्हता. थिओडोलाइट म्हणतात त्याला, आणि वजन अर्ध्या टनाच्या आसपास. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि ते धूड भिंतीवर आदळलं. वर्तुळ वाकडं झालं. लॅम्बटनने डोकं धरून न बसता स्वतः ठोकून-ठाकून ते पुन्हा सरळ केलं आणि कामाला लागला. माणूस म्हणून हे लोक कोणाचे आणि कोणासाठी मोजत होते, तो हिशेब वेगळा आहे आणि तो आपण विसरलेलो नाही. पण मोजण्याच्या बाबतीत त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे.

हे लोक एकेक कोन पुन्हापुन्हा मोजत, वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवरून मोजत, आणि येईल ते लिहीत. तीन कोनांची बेरीज जमत नसेल तर जमत नाही असं लिहीत. मग वेगळ्या रकान्यात ती तूट तिन्ही कोनांवर वाटून टाकत. आणि आमच्या बाईंना धक्का बसेल अशी गोष्ट म्हणजे एवढ्या थोरल्या त्रिकोणांची बेरीज १८० यायलाच नको असते! पृथ्वी गोल आहे, तिच्यावरचा त्रिकोण फुगतो, आणि दर १९७ चौरस किलोमीटरांमागे बेरीज एका विकलेने वाढते. विकला म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा साठावा भाग. म्हणजे नेमकी १८० आली तर तिथला मोजणारा खूष होत नसे, घाबरत असे.

पुढे याच कामातून हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची निघाली. गणित करणाऱ्यांत मुख्य होते राधानाथ सिकदार, साल १८५२. कोन मोजले होते दीडशे किलोमीटरहून जास्त लांबून. एवढ्या अंतरावर एका अंशाची चूक म्हणजे उंचीत अडीच किलोमीटरांहून जास्त फरक. प्रकाशाचा किरण हवेत वाकतो, त्याचाही हिशेब धरला. १८५६ साली उंची जाहीर झाली २९,००२ फूट. शिखराला नाव मात्र मिळालं एव्हरेस्टसाहेबाचं. २०२० साली नेपाळ आणि चीनने नव्या साधनांनी मोजून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. दोन्हींत फरक जेमतेम तीस फुटांचा!

पण मला आवडते ती त्या २९,००२ची आख्यायिका. असं सांगतात, की गणितात उंची बरोबर २९,००० आली होती. पण एवढा गुळगुळीत आकडा जाहीर केला तर लोक म्हणतील, यांनी मोजलंच नाही, अंदाजाने ठोकून दिलं. म्हणून वर दोन फूट चढवले. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यामागचा समज खरा आहे. मोजणाऱ्यांच्या जगात गुळगुळीत आकडा आला की लोक संशयाने बघतात. आमच्या शाळेत साठ वह्यांत साठ गुळगुळीत आकडे येतात आणि सगळ्यांना 'छान' असा शेरा मिळतो.

तेव्हा विश्वास उडेल ही भीती सोडा. ज्यांनी १८० नाही आली म्हणून लिहून ठेवलं त्यांनी एव्हरेस्टची उंची काढली. सिद्धांत इतका नाजूक नाही, की सातवीतल्या पोरीच्या एका अंशाने त्याला पडसं होईल. उलट हा एक अंश कुठून आला, पेन्सिलीतून, कडेतून की पुऱ्या आकड्यातून, हे शोधायला लावलं तर पोरीला सिद्धांतही कळेल आणि कोनमापकही.

तिसरा आक्षेप ताईचा, आणि सगळ्यात भारी : "मार्क जातील त्याचं काय?"

ताई, मार्क जाणार नाहीत. तेच तर दुःख आहे! मार्क मिळतच राहतील. आज वजाबाकीला मिळाले, उद्या अकरावीच्या जर्नलला मिळतील. तिथे लंबकाचा प्रयोग असतो. गुरुत्वाचं उत्तर ९.८ यायला हवं हे आधीच ठाऊक असतं. मग रीडिंग घेण्याचा त्रास कशाला? उत्तराकडून उलटं गणित करत वर चढायचं, दोन-चार आकडे जरा इकडेतिकडे ढकलायचे, म्हणजे नैसर्गिक दिसतात. लंबक स्टँडवर निवांत लटकत राहतो. त्याला हलवावंसुद्धा लागत नाही. पुढे हीच मुलं कुठे ना कुठे मोजायच्या कामावर लागतात. बांधकामाच्या कामावर मोजमाप पुस्तिका नावाची वही असते. तिच्यातही रकाने असतात, समास असतो, आणि वर लिहिलेलं असतं 'प्रत्यक्ष मोजलेले'. ते लिहायला असतं. आमच्या घरासमोरच्या रस्त्याचा उतार कागदावर दोन्ही बाजूंच्या गटारांकडे आहे आणि जमिनीवर तो मधल्या खड्ड्याकडे आहे. कोणीतरी तिसरा कोन मोजला नाही, वजा केला. पावसाळ्यात आम्ही सगळे त्या वजाबाकीतून पायजमा वर धरून जातो.

पाण्याचा उतार चुकला तर पायजमा भिजतो, एवढ्यावर भागतं. औषधाचा थेंब, तुळईची जाडी, धरणाच्या भिंतीतली गळती, यांचे आकडे लिहिणारेही कधीतरी सातवीत होते आणि त्यांनाही कोणीतरी 'नीट मोज' म्हटलं होतं. त्यांनी 'नीट'चा अर्थ काय घेतला असेल, या विचाराने मला रात्री झोप लागत नाही. (झोप न लागण्याचं कारण घोरणं आहे, असं सौभाग्यवतींचं मत आहे. ते तिने मोजलेलं आहे.)

नुसती टीका करून थांबावं असा माझा स्वभाव नाही, म्हणून उपायही सांगतो. खर्च शून्य. वहीत एका रकान्याऐवजी दोन रकाने आखा. पहिल्यावर लिहा 'मोजलेला कोन', दुसऱ्यावर 'जुळवलेला कोन'. समजा, मुलीने मोजले ५८, ६१ आणि ६२. बेरीज १८१. पहिल्या रकान्यात तसंच राहू द्या. त्याला खोडरबर लावायचं नाही, लावलं तर गुण कापा. आता एक अंश जास्त झाला आहे. एका अंशाच्या साठ कला. तिघांकडून वीसवीस कला परत घ्या. दुसऱ्या रकान्यात लिहा ५७ अंश ४० कला, ६० अंश ४० कला, ६१ अंश ४० कला. बेरीज बरोबर १८०. युक्लिडही खूष, कोनमापकही खूष. हिमालय मोजणारे लोक यापेक्षा फार वेगळं काही करत नव्हते. पाच गुणांपैकी तीन पहिल्या रकान्याला द्या, दोन दुसऱ्याला. मुलांना एवढंच कळलं पाहिजे, की जे दिसलं ते एका जागी लिहायचं, जे असायला हवं ते दुसऱ्या जागी लिहायचं, आणि पहिल्यावर दुसऱ्याचा शिक्का मारायचा नाही. एवढं कळलं तर पुढची भूमिती नाही आली तरी मी रागावणार नाही.

आणि 'पडताळा पाहा' हे शब्द पुस्तकातून काही वर्षं काढून ठेवा. ज्याचं उत्तर आधी ठाऊक असतं आणि वेगळं आलं तर ओरडा बसतो, त्याला पडताळा म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

हे सगळं माझ्या भाचीच्या बाईंपर्यंत पोचवायची जबाबदारी ताईने साफ नाकारली आहे. पोरीचं नुकसान करू नकोस, असं तिचं म्हणणं. म्हणून इथे लिहितो आहे. बाईंचा माझा परिचय नाही; साठ पोरींचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, वर तपासायच्या वह्यांचा ढीग, यात त्यांचीही कुतरओढ होत असणार. त्यांनी एकेक कोन तपासून बघावा, अशी माझी मागणी नाही. फक्त पुढच्या वेळी साठच्या साठ वह्यांत १८० आली, तर लाल पेन टेबलावर ठेवावं आणि वर्गाला शांतपणे एकच प्रश्न विचारावा : "मुलींनो, यातल्या पंधरा जणी कुठे गेल्या?"